बिनधुराचं गुऱ्हाळ

यंदा वळीव झाला आणि कॉफी फुलली नाही.

वळवाचं कौतुक मला सांगू नका. दुपारून उगवतीकडनं काळं चढतं, पत्रे वाजतात, घटकाभर धिंगाणा होतो आणि लाइट जाते. मातीचा वास सुटला म्हणून लोक दारात येऊन नाकं वर करतात. मी दारात गेलो नाही. मी परसात गेलो. मला दुसऱ्या वासाची वाट होती.

कॉफीचं असं असतं. पान जिथं फांदीला चिकटतं त्या बेचक्यात कळ्या आधीपासून बसलेल्या असतात. हिरव्या, कोंबासारख्या, मुकाट. उन्हाळाभर हलत नाहीत. वळीव अंगावर पडला की त्यांना जाग येते, आणि आठवडा-दीड आठवड्यात सगळं झाड एकदम पांढरं होतं. फांदीभर कुणी गजरा गुंडाळून ठेवल्यासारखं. वास मोगऱ्याच्या जवळचा, पण जरा जड, माणसांनी भरलेल्या घराला असतो तसा. तीन-चार दिवस हे चालतं. मग फूल तपकिरी पडून गळतं आणि वाटतं, एवढ्यासाठीच होतं का सगळं.

तर मी रोज सकाळी जात राहिलो. फांदी वर उचलायची, बेचक्यात बघायचं. पान, पान, पान. दुसरी फांदी. पान. गेल्या वर्षी थोडी का होईना, फुलं आली होती. यंदा फणसाखाली एक नाही.

पानं मात्र अशी की बघत राहावं. काळपट हिरवी, रुंद, हातावर ठेवली तर हाताबाहेर जाणारी. उसाला असा रंग आला की आमच्यात म्हणतात, प्लॉट लागला. मी झाडांवर खूश होतो. म्हटलं, झाडं चांगली आहेत, तेवढं फुलायचं विसरलीत. लावणारी राहिली नाही म्हणून विसरली असतील. एकटा माणूस असलं काहीबाही मानत बसतो. त्याला खोडून काढायला घरात कुणी नसतं.

माझी बायको जाऊन दोन पावसाळे झाले. नाव सुशीला. मी कधी नावानं हाक मारली नाही, आमच्यात ती रीत नव्हती. ‘अगं’ म्हटलं की ती ‘ओ’ द्यायची. आता तोंडातून ‘अगं’ निघतं आणि शेजारची शेळी मान वर करून बघते.

आमचं गाव मलकापूरच्या अलीकडं, रत्नागिरी रस्ता सोडून आत. खाली नदीकाठाला ऊस आणि वर डोंगराच्या अंगाला फणस, आंबा, काजू. ती इथली नव्हे. तिचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, जिथं निम्मं गाव कानडी बोलतं. थोरल्या भावाला ती अण्णा म्हणायची. हा अण्णा कर्नाटकात कॉफीच्या मळ्यावर राबायला गेला आणि तिथलाच झाला. लग्नाआधी हीसुद्धा आईबरोबर तिकडं कॉफी तोडायला जायची. लाल फळं कमरेच्या पिशवीत गोळा करायची, पायाला जळवा चिकटायच्या. आपण लग्नाआधी कोण होतो हे बायका फारसं सांगत नाहीत. हिनं तेवढं सांगितलं होतं.

एकदा माहेरी जाऊन आली ती ओल्या पोत्यात रोपं गुंडाळून. एसटीत वाटभर मांडीवर घेऊन बसली होती. मी दारातच म्हटलं, "ह्ये काय आणलंस? हितं चहा पितोय आमी."

"प्या की चहा. तुमच्या तोंडात कोण वततंय?"

आणि फणसाखाली खड्डे काढायला लागली. मला पटेना. उसाच्या माणसाला सावलीत पीक लावायचं म्हणजे कोंबडी पाण्यात सोडल्यासारखं वाटतं. ऊस सावलीत गेला की काडी होतो. मी म्हटलं, उघड्या रानात लाव, गोठ्यामागं मोकळं ऊन आहे. ती मान वर न करता म्हणाली, "ह्ये जंगलातलं झाड हाय. मोठ्या झाडाच्या पायात वाढलेलं. ह्याला ऊन चाळून द्यावं लागतंय."

चाळून. पीठ चाळतात तसं. मला हसू आलं होतं.

माझं निम्मं आयुष्य गुऱ्हाळावर गेलं. मी गुळव्या. काहिलीत उसाचा रस आटतो, उकळतो, तांबूस होतो, बुडबुडे जाड होतात. तेव्हा शेजारी उभं राहून ‘आता उतरवा’ म्हणणारा जो माणूस असतो, तो मी. जरा उशीर झाला तर ढेप काळी, जरा घाई झाली तर ढेप बसतच नाही. यंत्र नाही, काटा नाही. रंग बघायचा. चिपाडाच्या धुरानं डोळ्यांचं वाटोळं झालं, पण रंग कळायची नजर गेली नाही, अशी माझी समजूत होती.

मला आठवतो तो चैत्र झाडं पहिल्यांदा फुलली तेव्हाचा. गुऱ्हाळाचा हंगाम उरकून मी नुकता घरी आलो होतो. अंगाला अजून धुराचा वास होता. खाली गावातनं जोतिबाच्या यात्रेला निघालेल्या माणसांचा ‘चांगभलं’चा गजर ऐकू येत होता. ही सकाळपासून गोठ्याच्या पत्र्यावर कुरडया घालून उतरली होती आणि फणसाखाली पाय पसरून बसली होती. आणि तिच्याशेजारी चटईवर आमची सून, वैशाली. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवते. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घेऊन आली होती. नव्या सुनेनं सासरी येऊन मांडीवर पेपर घेऊन बसावं, हे शेजारणींना पटलं नव्हतं. माझ्या बायकोला पटलं होतं, कारण तिला ते पेपर बघायचे होते.

एक पेपर तिनं उचलला. पोरानं काहीतरी चित्र काढलं होतं.

"ह्ये काय गं? इटाची भिंत?"

"पान आहे, आई. आडवं कापलं तर आतून असं दिसतं."

"पानात एवढ्या खोल्या?"

वैशालीनं लाल पेन खाली ठेवलं. जवळच्या झाडाचं कॉफीचं पान तोडलं आणि दाखवायला लागली. वरनं हे चकाकतंय ना, ती मेणाची साय. पाणी आत जात नाही, पण ऊन जातं. त्याच्याखाली उभ्या खोल्यांची रांग, विटा उभ्या लावल्यासारखी. हिरवा रंग सगळा तिथंच जास्त, आणि सगळा स्वयंपाक तिथं. त्याच्याखाली ऐसपैस, सैल खोल्या, हवा खेळायला. आणि अगदी तळाला दारं. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक. झाड ती उघडतं आणि लावतं.

"म्हंजे चूल माडीवर आन् दार तळात," बायको म्हणाली.

"तसंच."

"आन् शिजवतंय काय?"

"साखर."

इथं मी कान टवकारले. तोवर मी आपला खाटेवर पडून होतो, बायकांचं चाललंय ते चालू दे म्हणून. उठून बसलो. "साखर? पानात?"

"होय मामा. उसातली साखरसुद्धा आधी उसाच्या पानातच होते. मुळाकडनं पाणी येतं, खालच्या दारातनं हवा येते, आणि वरनं ऊन. ऊन म्हणजे जाळ समजा."

"चिपाड न्हाय, धूर न्हाय, काहील न्हाय?"

"काहीच नाही."

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि जी हसायला लागली ती डोळ्याला पदर लावेस्तोवर. "घ्या. जलमभर धूर गिळलासा. बिनधुराचं गुऱ्हाळ परसात हुतं की."

"मग सांग त्येला," मी म्हटलं, "येक ढेप पाडून दे."

"देतंय की. फळ काय मग?"

वैशालीला दोघांकडं बघावं का खाली बघावं कळेना. नवीन होती. पुढं तिलाही कळलं की या घरात भांडण आणि बोलणं यात फरक नाही.

मग बायकोनं ते पान तिच्या हातातनं घेतलं आणि उलटं केलं. मधल्या शिरेतून बाजूच्या शिरा फुटतात, तिथं प्रत्येक काखेत एक बारीक खळगा असतो, सुईनं टोचल्यासारखा. "ह्यात किडं ऱ्हात्यात," ती म्हणाली. "बारकं. अण्णा म्हणायचा, झाडाचं भाडेकरी हाईत. दुसरं वाईट किडं खात्यात आन् फुकट ऱ्हात्यात."

"त्याला पुस्तकात एक मोठं नाव आहे," वैशाली म्हणाली, "पण तुमचं बरं आहे."

दुपार वर आली. उन्हाचे कवडसे फणसातनं गळून खाली हलत होते. एका पानावर क्षणभर थांबायचे, पुढच्या पानावर जायचे. वैशाली म्हणाली, बाराच्या कडक उन्हात पान दारं लावून घेतं, पाणी उडून जाऊ नये म्हणून. दारं लागली की हवा बंद, हवा बंद की चूल थंड. म्हणून कॉफीला सकाळचं आणि गाळलेलं ऊन बरं. सगळं ऊन अंगावर पडलं तर ते तिला खाताही येत नाही आणि पान करपतं.

"शाणं हाय," बायको म्हणाली. "न्हाय तर आमचं हे. बारा वाजता बांधावर हुबं, टोपी घरात."

आणि सगळ्यावर तो वास. तिघंही बोलताना मधूनच थांबत होतो, एवढा. मी गुळाच्या वासाचा माणूस, मला फुलाबिलाचं काही नव्हतं. पण त्या दुपारी मी खाट उचलून दोन हात झाडाजवळ नेली.  हिनं वैशालीकडं बघून भुवई उडवली.

पुढच्या पौषात पहिली फळं. लाल, बोराएवढीही नाहीत. तिनं ती वाळवली, सोलली, कढईत भाजली. भाजताना घरात निळा धूर झाला तेव्हा मी म्हटलं, "बिनधुराचं म्हणत हुतीस न्हवं?" तर म्हणाली, "पानानं केलं ते बिनधुराचं. ह्ये माझं हाय." खलबत्त्यात कुटून, पाण्यात उकळून, माझ्याच गुऱ्हाळावरच्या गुळाचा खडा टाकून कप पुढं केला. मी म्हटलं जळकं लागतंय. तिनं कप परत घ्यायला हात पुढं केला. मी दिला नाही.

त्यानंतर रोज चार वाजता कॉफी. मी ‘चांगली’ म्हटलं नाही आणि तिनं विचारलं नाही. कप रिकामा परत जात होता, त्यात सगळं आलं.

आता मी चहाच पितो. कॉफी एकट्यापुरती भाजता येत नाही. कढईत मूठभर बी टाकलं तर ते भाजत नाही, जळतं. भाजायची तर कढईभर भाजावी लागते, आणि कढईभर प्यायला घरात माणसं लागतात. पहिल्या वर्षाची फळं मी तोडली, उन्हात घातली, आणि एक दिवस पोतं उचलून अण्णाकडं पाठवून दिली.

माणूस गेलं की आधी घर भरतं. बारा-तेरा दिवस पाय ठेवायला जागा नसते. मग सगळे आपापल्या कामाला जातात, जायलाच पाहिजे, मी कुणाला नावं ठेवत नाही. मुलगा सुनील कोल्हापुरात एमआयडीसीत आहे. रोज संध्याकाळी फोन करतो. "जेवलासा आबा?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." मग त्यालाही काही सुचत नाही आणि मलाही. फोन आईचा होता, आम्ही नुसते ऐकत असू, हे आम्हाला ती गेल्यावर कळलं.

म्हैस विकली. गोठा रिकामा झाला. तिकटीवर, गावात तीन वाटा मिळतात तिथं, जाऊन बसायचो ते बंद केलं, कारण कुणी भेटलं की तोंड पाडून ‘वाईट झालं’ म्हणणार, आणि मी ‘हं’ म्हणणार. किती वेळा म्हणायचं. मी फणसाखाली खाट टाकली आणि तिथंच राहिलो. सकाळी चहा घेऊन बसायचं ते दिवस मावळेपर्यंत. खाली गार. इतकं गार की भर वैशाखात अंगावर टॉवेल घ्यावा वाटे. फणस दाट होत चालला होता, आणि मला ते बरं वाटत होतं. ती असताना कवडसे पडायचे, ते आता पडत नव्हते. आत बसलं की बाहेरचं जग दिसत नाही, बाहेरच्याला मी दिसत नाही.

दरवर्षी वैशाख सरता सरता ती तुकाला बोलवायची. तुका झाडावर चढून फांद्या काढून देतो. ती खालून हात करून सांगायची, ही काढ, ती ठेव, तिथं भोक पाड. फणसाचा पाला शेजारच्या शेळ्यांना. मला वाटायचं, शेळ्यांसाठी चाललंय. ती गेली त्यानंतरच्या वैशाखात तुका आपणहून आला. कोयता खांद्याला. "काकी न्हाईत," म्हणाला, "पर फांद्या काढायच्या न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाय. ती ठेवून गेली तसं ऱ्हाऊ दे."

तो गेला. यंदा आलाच नाही.

गेल्या रविवारी सुनील आणि वैशाली आले. सुनीलच्या फोनमध्ये फोटो होते, छपराचे. सोलरवाला येऊन बघून गेला होता, मला न विचारता. सुनील म्हणाला, "आबा, पॅनेल बसवूया. लाइटबिलाची कटकट न्हाय. मी गॅसच काढून टाकतो, लाइटवरची शेगडी घेतो तुमास्नी. तुमी एकटं असताना गॅस चालू ऱ्हायला म्हंजे मला तिकडं झोप लागत न्हाय."

"घे की. मी कुठं न्हाय म्हणतोय."

"पर फणस काढाय लागतोय. सगळं छप्पर सावलीत हाय. सावलीत पॅनेल काम करत न्हाय."

 तो पुढं बोलत राहिला. झाड म्हातारं झालंय, फांदी पडली तर कौलं फुटतील, तुमच्या अंगावर पडली तर काय करायचं. सगळं खरं होतं. खरं बोलणाऱ्या पोराचा जास्त राग येतो.

"त्या पॅनेलला फूल येतंय काय रं?" मी विचारलं.

"आबा."

"येतंय काय सांग."

"फूल तुमच्या कॉफीला तरी कुठं आलंय? आईची झाडं, आईची झाडं. बघा की जाऊन. नुसता पाला."

मग मी जे बोललो ते लिहीत नाही. फणस तुटला की खालची कॉफी उघडी पडणार आणि एका उन्हाळ्यात करपणार, एवढं मला कळत होतं. माझ्याकडं तिचं म्हणावं असं दुसरं काय होतं. लुगडी सुनेला आणि भावकीतल्या बायकांना वाटली. भांडी वापरून वापरून माझी झाली. ती झाडं तेवढी अजून तिची होती. मी म्हटलं, "मी मेल्यावर काढा फणस." सुनील उठून पुढच्या दारी गेला.

वैशाली परसात होती. ती आमच्या भांडणात पडत नाही, सासूकडनं शिकली. हाक आली, "मामा, जरा इकडं या."

ती न्हाणीच्या पलीकडं उभी होती. तिथं कॉफीचं एकच झाड आहे, कुंपणाला लागून, फणसाच्या सावलीच्या कडेला. मी तिकडं जातच नव्हतो. तिनं फांदी वर उचलली. बेचक्यात तपकिरी पडलेली फुलं, वाळून चिकटून बसलेली, आणि त्यांच्या बुडाशी हिरवे मणी.

"हे फुललंय," ती म्हणाली.

 घरापासून दहा पावलांवर फुललं आणि मला वासही आला नव्हता. न्हाणीच्या धुराड्याकडं नाक कोण नेतंय.

तिनं त्या झाडाचं एक पान तोडलं, मग फणसाखाली येऊन एक तोडलं, आणि दोन्ही माझ्या हातावर ठेवली. "बोटांनी बघा."

कुंपणाचं पान लहान, फिकट, जाड. चामड्यासारखं. फणसाखालचं त्याच्या दीडपट, काळं हिरवं, आणि पातळ. एवढं पातळ की मागून बोट दिसतंय असं वाटावं. मी दोन वर्षं त्याला नजरेनं कुरवाळत होतो आणि एकदाही बोटात धरलं नव्हतं.

"ह्ये चांगलं न्हवं?" मी मोठं पान दाखवून विचारलं.

"हे भुकेलं आहे, मामा. वर ऊनच पोचत नाही. म्हणून पान पसरतं, जेवढं मिळेल तेवढं धरायला. हिरवा रंग वाढवतं. पण उभ्या खोल्यांची रांग पातळ होते, जाळच नाही तर चूल कशाला बांधेल. जगायला पुरेल एवढंच शिजतं. फुलाला उरत नाही."

मी गुळव्या. रंगावर भाकरी खाल्ली. उसाच्या हिशेबानं मी त्या पानाचा रंग वाचला आणि म्हटलं, पोटभर आहे. आणि ते माझ्यासमोर उपाशी बसलं होतं, ताट पसरून.

"तुला कोण म्हणालं?"

"पानाचं शिकवतेच की मी. आणि फांद्यांचं आईंनी सांगितलेलं. ऊन चाळायचं म्हणजे चाळणीची भोकं दरवर्षी उघडायची, नाहीतर बुजतात, म्हणायच्या. पावसाच्या तोंडाला फांद्या काढायच्या. मग ढग असतात, नवं ऊन पानाला एकदम लागत नाही, आणि पावसाळाभर जो काय उजेड असेल तो खाली पोचतो."

"मला न्हाय कधी सांगितलं."

"सांगितलं असेल, मामा. तुम्ही खाटेवर असाल."

ती हसून बोलली, पण मला ते लागलं. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्या बाईला काय काय माहीत होतं, ते आता सुनेकडनं ऐकायचं. आणि तेही पानं हातात धरून, परसात. मी फणसाकडं बघितलं. ती ठेवून गेली तसं ठेवायचं म्हणालो होतो. तिनं कुठलीच गोष्ट तशी ठेवली नव्हती. दरवर्षी कापत होती. मी जे जपलं ते तिचं नव्हतंच, ते दोन वर्षांचं माझं होतं.

पुढच्या दारी सुनील पायरीवर बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो.

"फणस पुरा काढायचा न्हाय," मी म्हटलं.

"बरं."

"फांद्या काढूया. तुकाला बोलव."

"तेवढ्यानं छप्पर मोकळं हुईत न्हाय, आबा."

"छपरावर कशाला? गोठा मोकळा पडलाय. दिवसभर ऊन हाय त्येच्यावर. म्हस न्हाय, तर तुझं पॅनेल बांध."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. एमआयडीसीतला माणूस, मनातल्या मनात लोखंडाचा सांगाडा उभा करत असणार. "पत्रा बदलाय लागंल," म्हणाला.

"बदल."

"आदी बोलायचं की मग. उगंच एवढ्या शिव्या घातल्या."

"सवय ऱ्हावी म्हणून."

तो हसला नाही, पण उठताना माझ्या खांद्याला हात टेकून उठला. आईसारखाच उठतो.

तुका बुधवारी आला. मी खाली उभा राहिलो आणि हात करायला लागलो. ही काढ म्हणायला तोंड उघडलं आणि कळेना कुठली. तिनं कसं ठरवलं असेल. शेवटी मी कॉफीच्या झाडाखाली उकिडवा बसलो आणि वर बघितलं, झाडाला दिसेल तसं. जिथं आभाळ मुळीच दिसत नव्हतं तिथं बोट केलं. तुका वरून ओरडला, "काका, काकी अशी खाली बसून न्हाय सांगायच्या." मी म्हटलं, "तिला येत हुतं. मला न्हाय येत. गप काढ."

फांद्या पडत गेल्या आणि उजेड खाली येत गेला. एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. इथं एक कवडसा, तिथं एक. पहिला कवडसा पानावर पडला तेव्हा पान काही हललं नाही. झाडाला घाई नसते. शेळ्यांची चंगळ झाली.

यंदा फूल नाही, हे झालंच. पावसाळ्यात नवी फांदी फुटेल, तिच्या बेचक्यात कळ्या धरतील, आणि पुढच्या चैत्रात वळीव झाला तर बघायचं. ती गेल्यापासून मी पुढच्या कशाचाच विचार केला नव्हता. बाजारात तूरडाळसुद्धा आठवड्याचीच घेत होतो. आता पुढचा चैत्र बघायचा म्हणजे मधला सगळा काळ काढणं आलं. दिवाळी आली, थंडी आली, एकट्याच्या भाकऱ्या आल्या.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन फणसाखाली गेलो आणि खाटेवर बसलो. नऊ वाजता ऊन डोक्यावर. खाट डावीकडं ओढली. तिथं पाठीवर. फणसाच्या बुंध्याला लावली, तिथं गुडघ्यावर. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या जागेत मला घाम आला. कॉफीला हवं तेवढं मिळालं होतं आणि मला बसायला कोपरा उरला नव्हता. घरात जाऊन बघितलं. घरात कोण असणार. भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं.

टोपी घातली आणि तिकटीवर गेलो.

तिकटीवरच्या कट्ट्यावर पिंपळाखाली तीन-चार जण बसलेले असतात, आमच्याच वयाचे. त्यात बापू. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायला तो असायचा आणि वर काहिलीपाशी मी. आयुष्यभर एकमेकांना शिव्या देऊन गूळ केला. मी जवळ गेलो तसा त्यानं तंबाखू मळता मळता डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"काय पावणं," म्हणाला, "कुठल्या गावचं म्हणायचं?"

"हितलाच हाय."

"कवा बघितलं न्हाय."

"परड्यात हुतो. फणसाखाली."

"मग आज हिकडं कसं?"

"तिथं ऊन आलंय."

बाकीचे हसले नाहीत. ‘वाईट झालं’ही कुणी म्हणालं नाही. बापूनं तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि बूड उचलून जरा पलीकडं सरकला.

"बस," म्हणाला. "हितं हाय अजून सावली."